पांढरे पाणी, उन्हाळी आणि ओटीपोटाचे दुखणे : उपकेंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी

उपकेंद्राच्या ओपीडीत येणाऱ्या बायकांपैकी फार थोड्या जणी आपली खरी तक्रार पहिल्या वाक्यात सांगतात. कंबर दुखते, पिंडऱ्या गळून जातात, अन्न गोड लागत नाही, अशी सुरुवात होते. कॅल्शियमच्या गोळ्या हातात पडतात, बाई उठते, दारापर्यंत जाते आणि चपलेत पाय सरकवता सरकवता मागे वळून म्हणते, ‘ताई, अजून एक होतं.’ त्या वेळी तुम्ही पुढचा केसपेपर ओढलेला असला, तर ती ‘काही नाही, येते’ म्हणून निघून जाते आणि पुन्हा येईलच असे नाही. मी बावीस वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर प्रशिक्षणात काढली. या विषयावर नव्या मुलामुलींना काय सांगावे असे कोणी विचारले, तर मी औषधांच्या नावांआधी हा दाराशी झालेला प्रसंग सांगते.

आपला अधिकार कुठवर आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. अमेरिकेतील अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या सहीने औषध लिहून देऊ शकते. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागासाठी तसे स्वतंत्र पद नाही. २०१८ पासून आयुष्मान भारत कार्यक्रमात उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले, आणि तेथे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले. त्यांत परिचारिकाही आहेत आणि आयुर्वेदाचे पदवीधरही. तुम्ही ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे तपासता, उपकेंद्राच्या यादीतील औषध देता, आणि यादीबाहेरचे किंवा शंकेचे जे असेल ते ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर किंवा फोनवर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून करता. या लेखातील औषधांची माहिती त्या चौकटीतच वाचावी. तुमच्या जिल्ह्याचे लेखी आदेश आणि हा लेख यांत फरक दिसला, तर आदेश पाळावेत.

हा विषय क्षुल्लक का नाही, याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. दुसरे उदाहरण बीडचे. तेथील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला, तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचा आकडा पुढे आला आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली. त्या बायकांशी बोलले, की गोष्टीची सुरुवात पुष्कळदा पांढरे पाणी आणि ओटीपोटाच्या दुखण्यापाशी सापडते. दुखणे बरे होत नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि मग ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे कोणीतरी सांगते. अशा बाईला योग्य वेळी नीट तपासणारी पहिली व्यक्ती तुम्ही असू शकता.

जागा आणि पडदा

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तपासणीची खोली पाहून घ्यावी. टेबल भिंतीला असे लावावे, की दार अचानक उघडले तरी बाईचे पाय दाराकडे येणार नाहीत. खिडकीला पडदा, आतून लागणारी कडी, एक स्वच्छ चादर, पायाशी ठेवायची बादली आणि चांगली टॉर्च एवढे लागते. दिवा नसेल तर स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहण्याचे साधन, घालून उपयोग नाही. स्पेक्युलम किमान चार असावेत, म्हणजे एक वापरला की बाकीचे तयार राहतात. वापरलेले ०.५ टक्के क्लोरीनच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून, ब्रशने धुऊन, मग ऑटोक्लेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावेत. पुरुष समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आरोग्यसेविका किंवा आशाताई खोलीत असल्याशिवाय अंतर्गत तपासणी करू नये. मात्र ती आशा त्या बाईची जाऊबाई किंवा शेजारीण नाही ना, हे बाईलाच हळूच विचारावे.

विचारणे

सासू किंवा नवरा बरोबर आला असेल, तर त्यांना रक्तदाबाची नोंद करायला किंवा पाणी प्यायला बाहेर बसवावे आणि बाईशी एकटीने बोलावे. पुस्तकातला ‘योनिस्राव’ शब्द तिच्यापुढे वापरू नये. कोठे पांढरे पाणी म्हणतात, कोठे पांढरा पदर, कोठे धुपणी. लघवीच्या जळजळीला उन्हाळी लागली म्हणतात. आणि ‘अंगावर जाते’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी रक्त जाते असा होतो. पांढरे की लाल, हे पहिल्याच मिनिटाला स्पष्ट करून घ्यावे, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

सगळेच पांढरे पाणी रोग नसते, हे स्वतःच्या मनात आधी पक्के असू द्यावे. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार सुटणारे पाणी जाते, पाळीच्या आधी दोन-तीन दिवस थोडे दाट जाते, गरोदरपणात वाढते. वास नाही, खाज नाही, आग नाही, कपड्यावर रंग नाही, असे असेल तर तिला काहीही झालेले नाही. ‘पांढऱ्या पाण्यातून हाडे झिजतात’ हा समज मात्र इतका खोल आहे, की केवळ ‘काही नाही’ म्हणून तिची भीती जात नाही. कंबरदुखी आणि थकवा यांचे कारण पुष्कळदा रक्तक्षय असते, म्हणून तिच्यासमोर हिमोग्लोबिन तपासावे आणि आकडा दाखवून बोलावे. असे केले, की ती ऐकते.

मग पुढील गोष्टी गप्पांच्या ओघात काढून घ्याव्यात. किती दिवसांपासून आहे, रंग कसा, वास येतो का, खाज येते का, शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, संबंधानंतर रक्त दिसते का. शेवटची पाळी कधी आली, तांबी बसवली आहे का, नुकतेच बाळंतपण किंवा गर्भपात झाला आहे का. नवऱ्याला लघवीत आग, पू किंवा फोड आहेत का, तो बाहेरगावी कामाला असतो का. साखरेचा आजार आहे का, अँटिबायोटिक नुकतेच घेतले का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. शेवटी एक प्रश्न, जो मला एका आजींनी शिकवला.

साठी ओलांडलेल्या या आजी दुर्गंधीयुक्त, किंचित लालसर पाणी जाते म्हणून आल्या होत्या. ओपीडीत गर्दी होती. मी न तपासता हिरवी किट, म्हणजे योनिदाहाच्या गोळ्यांचे पाकीट, दिली आणि पंधरा दिवसांनी त्या तशाच परत आल्या. या वेळी टेबलावर घेतले आणि स्पेक्युलम घातला, तर आत काळपट पडलेली, एका बाजूने रुतलेली रबरी रिंग होती. अंग बाहेर येते म्हणून काही वर्षांपूर्वी कोणीतरी ती बसवली होती, काढून धुवायला कोणी पुन्हा बोलावले नव्हते. मी म्हटले, ‘आजी, हे आधी सांगायचं ना!’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही इचारलंच कुठं, बाई.’ तेव्हापासून ‘अंग बाहेर येते का, आत काही बसवलेले आहे का’ हा प्रश्न मी कोणालाही चुकवत नाही.

बघणे

न बघता किट देण्याचा मोह सर्वांना होतो, आणि गर्दीच्या दिवशी तो समर्थनीयही वाटतो. तरीही पहिल्या भेटीत तपासणी करावी. बाई तयार नसेल, पाळी चालू असेल किंवा जागाच नसेल, तर केसपेपरवर तसे लिहावे, ठरलेल्या पद्धतीप्रमाणे लक्षणांवरून उपचार करावेत आणि पुढच्या भेटीची तारीख द्यावी.

लघवी करून यायला सांगावे. आधी पोट तपासावे : ओटीपोट दाबल्यावर दुखते का, आणि दाबलेला हात पटकन उचलल्यावर ती कळवळते का. जांघेत गाठी आहेत का ते पाहावे. बाहेरून लाली, ओरखडे, फोड, जखम किंवा मस आहेत का ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. स्पेक्युलम कोमट पाण्यात बुडवून घ्यावा. थंड पोलाद लागले, की बाई आवळून घेते आणि पुढची तपासणी दोघींनाही जड जाते. ‘आता हात लावते आहे’, ‘आता थोडं ताणल्यासारखं वाटेल’, असे प्रत्येक हालचालीआधी सांगावे आणि तोंडाने श्वास सोडायला लावावे.

आत योनीच्या भिंती, साठलेले पाणी आणि गर्भाशयाचे मुख, अशा तीन ठिकाणी नजर जायला हवी. भिंतींवर दह्याच्या फुटक्या कणांसारखा चिकटलेला थर आणि लाली असेल, बाहेर खाज असेल, तर तो बहुधा बुरशीचा म्हणजे कॅन्डिडाचा संसर्ग असतो. करड्या रंगाचे, पातळ, सगळीकडे सारखे पसरलेले पाणी आणि माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर वाढणारा, हे बॅक्टेरियल व्हजायनोसिसचे, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडल्याचे, चित्र आहे. हिरवट-पिवळे, फेसाळ पाणी आणि आग हे ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग सुचवते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे गर्भाशयाचे मुख. पाणी योनीच्या भिंतींवरचे आहे की मुखातून पू येतो आहे, हे कापसाच्या काडीने पुसून पाहावे. काडीवर पिवळट पू लागला किंवा नुसत्या स्पर्शाने रक्त आले, तर तो मुखाचा दाह आहे, आणि त्यामागे गोनोरिया किंवा क्लॅमिडिया हा लैंगिक आजार असू शकतो. मुखावर फुलकोबीसारखी वाढ, कडक भाग किंवा सहज रक्त येणारी जखम दिसली, तर काहीही न करता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतील, तर काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात स्राव घेऊन लगेच दाखवावा, कारण हलणारे ट्रायकोमोनास थोड्या वेळाने थंडावतात आणि मग ओळखू येत नाहीत. दुसऱ्या थेंबावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर मासळीचा वास उसळला, तर व्हजायनोसिसला बळ मिळते. योनीचा सामू (पीएच) एरवी ४.५च्या आत असतो. बुरशीत तो तसाच राहतो, व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनास यांत वाढतो. पट्टी उपलब्ध असेल तर वापरावी. उपकेंद्रात यातले बहुतेक काही नसते, आणि म्हणूनच लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत आली. ती अचूक नाही, हे मान्य करूनच वापरावी. विशेषतः केवळ पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवरून मुखाचा दाह ओळखण्यात ती कमी पडते. नजर आणि टॉर्च यांचे काम येथे आहे.

स्पेक्युलम काढल्यावर दोन बोटांनी आतून तपासावे. गर्भाशयाचे मुख हलवल्यावर बाई ओरडली, तर ओटीपोटातील अवयवांना सूज आहे असे धरावे.

रंगांच्या किट

नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना लैंगिक आजारांसाठी सात रंगांच्या किट पुरवते. तुमच्या ओपीडीत त्यांपैकी तीन रंगांशी रोजचा संबंध येईल.

हिरवी, म्हणजे दोन क्रमांकाची किट, योनिदाहासाठी आहे : सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच. जेवण झालेले असल्याची खात्री करून ती तुमच्यासमोरच घ्यायला लावावी. घरी नेलेल्या गोळ्या पुष्कळदा नवऱ्याला किंवा वहिनीला अर्ध्या दिल्या जातात. तोंडाला धातूसारखी चव येईल, मळमळ होईल, हे आधीच सांगावे. या औषधाबरोबर दारू चालत नाही, हेही सांगावे, आणि मोहाची असो वा देशी, न लाजता विचारावे. येथे एक गोष्ट नव्यांच्या लक्षात राहत नाही : पांढऱ्या पाण्यावर बायका परस्पर आणून घेतात त्या अशोकारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले मद्य असते. दोन-तीन दिवस ती बाटली बाजूला ठेवायला सांगावी.

राखाडी, एक क्रमांकाची किट, मुखाच्या दाहासाठी आहे : ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच. पेनिसिलिन गटाच्या इंजेक्शनने कधी अंगावर गांधी उठल्या का, श्वास लागला का, हे सेफिक्सिमआधी विचारावे आणि उत्तर ‘हो’ असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावे. योनी आणि मुख दोन्हीकडे दोष दिसत असेल, तर दोन्ही किट द्याव्या लागतात.

पिवळी, सहा क्रमांकाची किट, ओटीपोटाच्या दाहासाठी आहे. यात सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम एकदा, आणि मेट्रोनिडाझोल ४०० व डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सलग १४ दिवस. अडचण या चौदा दिवसांची आहे. चौथ्या दिवशी दुखणे थांबते, पाकीट फडताळात जाते आणि दोन महिन्यांनी तीच बाई जास्त दुखणे घेऊन येते. नळ्या चिकटून पुढे मूल न राहण्याचे किंवा गर्भ नळीत राहण्याचे कारण बऱ्याचदा असा अर्धा राहिलेला उपचार असतो. म्हणून तिसऱ्या दिवशी तिला बोलवावेच, आराम नसेल तर त्याच दिवशी पुढे पाठवावे, आणि आराम असेल तर उरलेल्या गोळ्या तिच्यासमोर मोजाव्यात. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायचे असते. कोरडी गिळून आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून जाळते.

पाढा म्हणावा तशी पाठ असावी अशी गोष्ट म्हणजे यांतली कोणतीही किट देण्याआधी शेवटची पाळी विचारणे, आणि पाळी चुकली असेल किंवा खात्री नसेल तर गर्भधारणा तपासण्याच्या ‘निश्चय’ किटने लघवी तपासणे. गरोदर बाईला हिरवी आणि पिवळी किट देऊ नये. तिच्या बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या असतात, आणि बाकीचे वैद्यकीय अधिकारी ठरवतात. अंगावर पाजणाऱ्या मातेला सेक्निडाझोल देण्याआधीही त्यांना विचारावे. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, तर तो नळीतला गर्भ समजून १०८ बोलवावी. अशा वेळी किटच्या रंगाचा विचार करत बसू नये.

जननेंद्रियावर जखम किंवा फोड असेल, तर पांढरी, निळी किंवा लाल किट लागते. पांढऱ्या किटमध्ये बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन असते. हे उपकेंद्रात करू नये. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, पाठवावे. लैंगिक आजाराची शंका असलेल्या प्रत्येक बाईला एचआयव्ही आणि उपदंश म्हणजे सिफिलिस यांच्या तपासणीबद्दल सांगावे, तिची संमती घ्यावी आणि आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि एचआयव्ही चाचणी केंद्राची, चिठ्ठी द्यावी.

उन्हाळी

लघवीला जळजळ म्हटले, की ताबडतोब मूत्रमार्गाचा संसर्ग ठरवू नये. एक साधा प्रश्न बराच उलगडा करतो : ‘आग आत होते, की लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर होते?’ बाहेर होत असेल, तर पुष्कळदा मूळ दुखणे योनिदाहाचे किंवा फोडाचे असते. आत होत असेल, वारंवार थोडी थोडी लघवी होत असेल, ओटीपोटात कळ असेल आणि पांढरे पाणी नसेल, तर मूत्राशयाचा संसर्ग धरावा. लघवीचा नमुना मधल्या धारेचा घ्यावा. बाईला सांगताना ‘पहिली धार सोडा, मग बाटली धरा’ एवढे पुरते. पट्टीवर नायट्राइट आणि पांढऱ्या पेशींचे खाने पाहावेत. साखरेचा खाना पाहायला विसरू नये.

गरोदर नसलेल्या बाईच्या साध्या संसर्गावर नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, जेवणाबरोबर, हा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सामान्यतः मिळणारा सल्ला आहे. लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, घाबरू नये, हे सांगितले नाही तर ती दुसऱ्या दिवशी औषध बंद करते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे औषध चालत नाही. दुकानातून आणलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्यांनी भागवण्याची सवय मात्र मोडायला हवी, कारण या संसर्गाचे मुख्य कारण असलेला ई. कोलाय जंतू आता त्या औषधाला फारसा जुमानत नाही.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीच्या वरच्या बाजूला दुखणे आणि उलट्या असतील, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे. त्याच दिवशी पाठवावे. गरोदर बाईची उन्हाळी कधीच साधी मानू नये.

ऊसतोडीच्या कोप्यांवर, वीटभट्टीवर किंवा शौचालय नसलेल्या वस्तीत ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला देताना जरा थांबावे. त्या बायका पाणी मुद्दामच कमी पितात, कारण दिवसा जायला जागा नसते. तेथे ‘पाणी प्या’ म्हणण्याआधी ‘कुठे जाता?’ हे विचारावे लागते, आणि उत्तर ऐकल्यावर मुकादमाशी किंवा ग्रामपंचायतीशी बोलावे लागते. अशा बायकांच्या हातात औषधाचे नाव, तारीख आणि दिवस लिहिलेला कागद द्यावा, म्हणजे पुढच्या फडावरच्या केंद्रात सगळे पहिल्यापासून सुरू होणार नाही.

नवरा

मुखाचा दाह, ओटीपोटाचा दाह किंवा जखम असेल, तर जोडीदाराचा उपचार झाल्याशिवाय बाईचा उपचार पूर्ण होत नाही. साध्या योनिदाहात नवऱ्याला काही त्रास असेल, किंवा पहिल्या उपचाराने बाईला फरक पडला नाही, तर त्यालाही बोलवावे. बोलवायचे कसे, हे बाईला ठरवू द्यावे. काही जणी म्हणतात, ‘त्यांना नका सांगू, मलाच मारतील.’ हे खरे असू शकते, म्हणून नवऱ्याला फोन करण्याची घाई करू नये. ‘दोघांना जंतू झालेत, दोघांनी एकदम गोळी घ्यायची’, एवढेच वाक्य मला सर्वांत उपयोगी पडले आहे. त्यात कोणी कोणाला दिले, हा प्रश्न उठत नाही. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा किंवा निरोध वापरावा, हेही त्याच वेळी सांगावे.

स्वतः न हाताळण्याच्या गोष्टी

पाळी बंद झालेल्या बाईला लाल किंवा लालसर पाणी जाणे, संबंधानंतर रक्त येणे, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली अथवा गर्भपात झालेली बाई आणि ताप, ओटीपोटात गाठ, दोनदा नीट उपचार करूनही फरक न पडणे, हे सगळे पुढे पाठवण्याचे आहे. वर्षात तीन-चारदा बुरशी होत असेल, तर साखर तपासावी आणि एचआयव्ही तपासणीचे सुचवावे. पाळी सुरू न झालेल्या मुलीला पाणी जात असेल, तर जंत, आत गेलेली वस्तू आणि अत्याचार या तिन्ही शक्यता मनात ठेवाव्यात, स्वतः अंतर्गत तपासणी करू नये आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवावे. १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत लैंगिक संबंधाची माहिती मिळाली, तर २०१२च्या पोक्सो म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिचे लग्न झालेले असले तरी यात सूट नाही, आणि हे काम एकट्याने न करता वैद्यकीय अधिकाऱ्यांसह करावे.

कोणी पिशवी काढायचा सल्ला दिला आहे असे बाईने सांगितले, तर कागद मागून घ्यावेत, सोनोग्राफीचा अहवाल वाचावा आणि जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका, असे स्पष्ट सांगावे. पांढऱ्या पाण्यासाठी गर्भपिशवी काढत नाहीत. हे वाक्य नवऱ्यासमोर आणि सासूसमोरही म्हणावे.

स्वच्छतेचे बोलणे

येथे थोडक्यात बोलावे, कारण बायकांना यावर व्याख्याने पुष्कळ मिळतात. आतून धुवायचे नाही, साबण, अँटिसेप्टिक किंवा तुरटीचे पाणी आत वापरायचे नाही. त्याने तेथील उपयोगी जंतू मरतात आणि दुखणे वाढते. बाहेरून साधे पाणी पुरते. पाळीचा कपडा वापरत असेल, तर तो उन्हात वाळवायला जागा कोठे मिळेल, हे तिच्याशी बोलून ठरवावे. कपाटामागे ओला वाळणारा कपडा ही घराघरातली गोष्ट आहे, आणि नुसते ‘उन्हात घाला’ म्हटल्याने ती बदलत नाही.

तीस ते पासष्ट वयाच्या बाईला तपासले असेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचा विषय त्याच बैठकीत काढावा. ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पाहण्याची ती चाचणी तीव्र दाह असताना करू नये. आधी उपचार, मग पाळी येऊन गेल्यावर तारीख.

परत बोलावणे

सातव्या दिवशीची भेट किट देतानाच ठरवावी आणि शक्यतो तिच्या लसीकरणाच्या, बाजाराच्या किंवा रेशनच्या दिवसाला जोडावी. त्या भेटीत लक्षणे किती कमी झाली, गोळ्या पूर्ण घेतल्या का, नवरा आला का, चाचण्यांचे निकाल काय, हे रजिस्टरमध्ये लिहावे. रजिस्टर कुलपात ठेवावे. आपल्या गावांत उपकेंद्राचे टेबल म्हणजे निम्मा पारच असतो, आणि उघड्या वहीतले एक नाव संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोहोचते.

ती आली नाही, तर आशाताईंकडून निरोप पाठवावा. निरोपात पांढरे पाणी, किट, तपासणी यांतला एकही शब्द असू नये. ‘तुमचा बीपी पुन्हा बघायचा आहे, मंगळवारी या’, एवढे पुरते. आणि मंगळवारी ती आली, की खरोखर आधी तिचा बीपी घ्यावा.